दुसरीची बोटं

गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी कड टॉवेलांच्या घडीतून बाहेर आली होती आणि कुंदा ती बोटाने आत ढकलत होती – मग वरचा टॉवेल सरकायचा, कड पुन्हा दिसायची... घरात माणसं तिघं, लपवायचं कुणापासून? दिनानाथला माहीतच होतं, मुलगा शौनक दिवसभर फोनमध्ये. पलंगाखाली तांदूळ होते, पीठ होतं, साबणाच्या वड्या होत्या. त्यांची लाज वाटत नव्हती. त्या आठवड्यात सगळं बदलापूर पिशव्या घेऊन धावत होतं. या गोळ्या मात्र...

करोनावर चालते म्हणून टीव्हीवर गोळीचं नाव आलं तेव्हा दिनानाथने अंबरनाथहून, कंपनीतून, फोन केला होता – इथे सगळे घेतायत, संपायच्या आत घेऊन ठेवू. बदलापुरातली मेडिकल फिरून झाली. मग तिला आठवलं, खालच्या मजल्यावरची शलाका हीच गोळी संधिवातासाठी घेते, उल्हासनगरच्या एका दुकानातून. टाळेबंदीच्या आदल्या दिवशी नवरा-बायको स्कूटरवरून गेली. दिनानाथ बाहेरच थांबला.

"दीदी, घरात कोणाला संधिवात आहे का?" काउंटरमागच्या म्हाताऱ्या सिंधी दुकानदाराने विचारलं. "नुसतं घाबरून घेणाऱ्याला मी देत नाही."

"मलाच आहे," कुंदा म्हणाली.

तिथेच थांबली असती तर – पण तो तिच्या हातांकडे बघत होता, तिने बोटं पिशवीआड घेतली, आणि शलाकाने जिन्यात उभं राहून कधी कधी सांगितलेलं एकेक वाक्य तिच्या तोंडून यायला लागलं: सकाळी मूठ मिटत नाही, नळ सोडता येत नाही, वेणी घालायला आईला हाक मारावी लागते. आवाजसुद्धा शलाकाचाच, थोडा हसरा, सांगताना संकोचणारा. म्हाताऱ्याने चिठ्ठी मागितली नाही. आतल्या खणातून गोळ्या काढून दिल्या. "संभालके, दीदी." आणि मी – मी डोळे पुसले. ते पाणी खोटं नव्हतं, त्या क्षणी माझे हात खरंच दुखत होते...

दार वाजलं. शलाका, तोंडाला ओढणी बांधून, पायऱ्यांवर लांब उभी. आई जांभूळ गावी मामाकडे अडकल्यापासून ती एकटीच होती. केस मोकळेच होते.

"कुंदाताई, भाऊजींच्या कंपनीत कोणाची मेडिकलवाल्याशी ओळख आहे का, विचाराल? माझ्या गोळ्या संपल्यात."

"तुझा तो उल्हासनगरवाला?" हे आपणच विचारलं, इतक्या सहज, याचं कुंदाला नवल वाटलं.

"त्याने माझ्यासाठी ठेवलेल्या होत्या. पण कोणी बाई आली, तिचे हात फार वाईट होते म्हणे. तिला दिल्या. फोनवर बिचारा सॉरी सॉरी करत होता." शलाकाने कठड्याला मनगट टेकलं, बोटं तिने तशीच अधांतरी ठेवली होती. "जाऊ दे. तिलाही लागतच असतील ना."

जेवताना कुंदाने विषय काढला. दिनानाथ ताटातून मान वर न करता म्हणाला, "द्यायच्या नाहीत. एकीला दिल्या की सगळी बिल्डिंग दारात येईल. आणि शौनकला काही झालं म्हणजे?"

शौनकने भाताचा घास घेतला, फोनवरची नजर काढली नाही, आणि कुंदाला खरोखरची भीती वाटली. परवा याच बिल्डिंगने तिसऱ्या मजल्यावरच्या प्रमोदला नुसत्या खोकल्यावरून गेटबाहेर उभं ठेवलं होतं, उन्हात, हातात दुधाची पिशवी. लोक बाल्कन्यांमधून ओरडत होते. कुंदा ओरडली नव्हती. ती आत गेली होती आणि तिने खिडकी लावून घेतली होती – आणि तेव्हा तिला वाटलं होतं की आपण त्यांच्यासारख्या नाही.

दुपारी दिनानाथ झोपल्यावर तिने सगळ्या गोळ्या पिशवीत घातल्या. मग एक पाकीट परत टॉवेलांखाली ठेवलं. शौनकसाठी, असं मनाशी म्हणाली. जिना उतरताना वाक्य जिभेवर तयार होतं: शलाका, ती बाई मीच. एवढंच म्हणायचं, पिशवी ठेवायची, निघायचं.

शलाकाने पिशवीत बघितलं. मग एक पाकीट काढून अंगठ्याने दाबायला लागली. गोळी निघेना. पुन्हा दाबलं, ओठ आवळले. शेवटी तिने ते पाकीट कुंदापुढे धरलं, थोडं हसून, संकोचून – तेच हसू.

कुंदाने दाबलं. गोळी पटकन तळहातावर पडली.

"कुठून मिळवल्यात, ताई? अशा दिवसांत?"

"ह्यांच्या कंपनीत एकाकडे होत्या," कुंदा म्हणाली.

शलाकाला रडू आलं. कुंदाने तिला पाणी दिलं, केसांची वेणी घालून दिली. अंतर वगैरे दोघींनाही आठवलं नाही. मूठभर विरळ केस. हात भराभर चालत होते, आणि आता सांगून काय उपयोग, तिला उगाच त्रास, असं म्हणत म्हणत ते वाक्य कुठेतरी आत उतरून गेलं.

वर जाताना अंग हलकं वाटत होतं. इतकं हलकं वाटायला नको होतं, हे तिला कळत होतं. मागे शलाकाच्या उघड्या दारातून फोनवरचा आवाज आला, "आई, मिळाल्या. वरच्या कुंदाताईंनी स्वतः आणून दिल्या. नाही गं, पैशाचं नावसुद्धा काढलं नाही..."

घरी जायला हवं होतं. दिनानाथ उठला असेल, चहा टाकायचा होता. कुंदा जिन्याच्या वळणावर उभी राहिली. पुढचे शब्द नीट कळेनात, तेव्हा तिने चप्पल वाजू न देता काढून हातात घेतली आणि आपल्याबद्दल आणखी काय म्हणते ते ऐकायला एक पायरी खाली आली.