खड्यांसकट कुटलेली माती

"अख्ख्या जावा बेटात एवढा कार्बन पोटात घेऊन बसलेली दुसरी माती नाही!" सरपंच पाक सुगियार्तो यांनी कर्ण्यावरून जाहीर केलं आणि गावाने टाळ्या पिटल्या. ती माती जिथून काढली होती तिथे सागाचं एकही झाड नव्हतं. व्हॉलीबॉलचं मैदान होतं. सागवनाने मातीत साठवलेल्या कार्बनचे पैसे देणाऱ्या योजनेच्या फॉर्मवर मीटरभर खोल खड्डा मागितला होता, आणि सागांखाली तर वीतभरावर कातळ लागतो. मैदान चुनखडीची भर घालून केलेलं, तिथे खणायला सोपं.

वनखात्याची एंडांग टाळ्या थांबेपर्यंत दात आवळून उभी राहिली. तीन वर्षं ती या चुनखडीच्या टेकड्यांवरचे साग मोजत होती. इथली माती थोडी, पण चुना तिच्यातला कुजलेला पाचोळा घट्ट धरून ठेवतो. खरा आकडाही चारचौघांत सांगण्यासारखा होता. हा खोटा पकडला गेला, की गावाचं सागवन योजनेतून बाद. तपासनीस उद्या येणार होते. नमुना पुन्हा घेण्याच्या अर्जावर सरपंचांची सही आजच हवी होती.

"पाक, नमुन्यातले खडे काढा म्हणून बजावलं होतं ना मी?"

"इंगिह, इंगिह," सरपंच हसले. जावात याचा अर्थ 'हो' असा होतो. काम होईल असा होत नाही. "पण म्बाक एंडांग, शहरातल्या माणसांना खडे घातलेली माती पाठवायची? बरं दिसतं का ते? आमच्या मंडळींनी खलात कुटून, चाळून दिली. अगदी पिठासारखी!"

"अहो, ते खडे चुनखडीचे! त्या दगडात त्याचा स्वतःचा कार्बन असतो, लाखो वर्षांपूर्वीचा. झाडांचा काय संबंध? मग तुमच्या घराची चुनखडीची पायरीसुद्धा जंगलच म्हणायची!"

"आमच्याकडे दोन पायऱ्या आहेत," मागून म्हातारे कार्तोविर्यो म्हणाले. "लिहून घ्या."

एंडांगने पिशवीतली बाटली काढली आणि कुटलेल्या मातीवर आम्लाचे चार थेंब टाकले. माती फसफसून वर आली.

"हा तुमचा विक्रम, पाक. बघा, वायू होऊन उडून चालला."

"परत करा, परत करा!" लोक म्हणाले. तिने पाच वेळा केलं. समजावूनही पाच वेळा सांगितलं. टाळ्या फक्त फेसाला पडल्या.

सरपंचांनी अर्ज दोनदा वाचला, उलटून कोरी बाजूही वाचली. मग आवाज खाली आणला.

"सही करतो. पण एक अट आहे."

एंडांगने पेन पुढे धरलं.

"बाटलीत उरलंय तेवढं ठेवून जा. न्हाणीघराच्या फरशीवर चुन्याचे डाग पडलेत, मंडळी रोज डोकं खातात."