चौथ्या मातीचं नाव

माती सर्वेक्षणाच्या कचेरीत बहुतेकांना कामावरून नावं पडली होती. डिंकताईंना मात्र त्यांच्या ड्रॉवरमधल्या बाटलीवरून. फाटलेला नकाशा, सुटलेलं लेबल, वहीचं निखळलेलं पान, काहीही असो, ते सकाळी त्यांच्या टेबलावर येऊन पडायचं आणि दुपारपर्यंत असं जोडलं जायचं की जोड शोधून दाखवणाऱ्याला बक्षीस लावावं. त्यांचं खरं काम नोंदींचं. सर्वेक्षणाची माणसं रानात पुरुषभर खोल खड्डे खणायची आणि खड्ड्याच्या भिंतीवर दिसणारे थर वहीत उतरवायची. थर किती जाड, रंग कोणता, दगड किती, मुळं कुठवर गेली. ते सगळं डिंकताई संगणकात भरायच्या, मग संगणक सारख्याला सारखं लावून मातीचे गट पाडायचा.

या खेपेला दोनशे बारा खड्डे होते. त्या भागात मातीच्या तीनच जाती ठाऊक होत्या, काळी, तांबडी आणि तपकिरी. सोमवारी संगणकाने गट पाडले चार.

चौथ्या गटात सव्वीस खड्डे होते. त्यांचा वरचा थर तपकिरीसारखाच, पण खालचा राखाडी. खालचा थर राखाडी, म्हणजे तिथे पाणी तुंबतं असा कचेरीचा ठोकताळा. अशी माती या भागात आजवर कोणी नोंदवली नव्हती. आणि सव्वीसच्या सव्वीस खड्डे एकाच माणसाने वाचलेले होते, खड्डेमास्तरांनी.

मास्तरांनी उभा जन्म खड्ड्यात उतरून काढला होता. बायको म्हणायची, लोकांचे नवरे कामावर जातात, आमचे खड्ड्यात जातात. ओल्या मातीची गोळी अंगठ्याने दाबत दाबत ते तिची पट्टी काढायचे आणि ती किती लांब जाऊन तुटते यावरून मातीत चिकण किती आहे ते सांगायचे. प्रयोगशाळेचा आकडा चार दिवसांनी यायचा आणि मुकाट्याने मास्तरांच्याच बाजूने बसायचा. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. मातीची नवी जात सापडली की तिला नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याला मिळे. मास्तरांनी तीस वर्षं दुसऱ्यांनी नावं ठेवलेली माती उकरली होती. स्वतःची एकही नाही.

त्यामुळे कचेरी आनंदली ती काही उगाच नाही. कचेरीच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी नाव ठरवायला येत्या शुक्रवारी बैठक ठेवली. फळ्यावर ज्याने त्याने नावं सुचवायला सुरुवात केली. कोणी लिहिलं ‘मास्तरी’, कोणी ‘निवृत्ती’, कोणी ‘उशिरा सुचलेली’. मास्तर वाचून हसायचे, आणि फळ्याशी कोणी नाही असं पाहून पुन्हा एकदा वाचून यायचे. त्यांच्या मनातलं नाव त्यांनी एकट्या डिंकताईंना सांगितलं होतं. पिटुकली. हे त्यांच्या नातीचं लाडाचं नाव. नकाशावर तुझं नाव लिहिणार, असा तिला शब्दही देऊन बसले होते. बैठकीसाठी नवा सदरा घेतला होता.

बुधवारी मोठ्या बाईंनी डिंकताईंना चौथ्या मातीचं वर्णन तयार करायला सांगितलं. सव्वीस खड्ड्यांत समान काय ते नीट मांडायचं. डिंकताई मास्तरांच्या मूळ वह्या घेऊन बसल्या. प्रत्येक पानाच्या शेवटी शेऱ्याचा रकाना होता. संगणकात शेऱ्याला जागाच नव्हती, म्हणून तो भरायचा नाही असा नियम, आणि डिंकताई नियमाच्या पक्क्या. आता प्रथमच त्यांनी ते शेरे सलग वाचले. ‘मुळं खोलवर. पाण्याची खूण नाही. हाताला तपकिरीच लागते.’ पुढच्या खड्ड्यातही तसंच. त्याच्या पुढच्यातही. जिथे पाणी तुंबतं तिथे मुळं खोल जात नाहीत, कुजतात. हे तर नोंदी भरून भरून डिंकताईंनासुद्धा कळत होतं.

मग आणखी एक दिसलं. एकशे अठराव्या खड्ड्यापर्यंत ही राखाडी माती कुठेच नव्हती. एकशे एकोणिसाव्यापासून ती सुरू झाली. आणि हे दोन खड्डे एकाच बांधाच्या अल्याड पल्याड होते. मातीला बांध कुठून कळणार?

कोडं डोक्यात घेऊनच त्या संध्याकाळी घरी आल्या. सासूबाईंना आणि स्वतःला चहा टाकला. सासूबाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि सुनेकडे शांतपणे पाहिलं.

“माझं काही चुकलं असेल तर तोंडाने सांग गं,” त्या म्हणाल्या. “असा खारट राग काढू नकोस.”

डिंकताईंनी आपला कप तोंडाला लावला आणि तसाच मोरीत ओतला. चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. फळीवर दोन्ही डबे आपापल्या जागी होते, फक्त साखरेच्या जागी मीठ होतं आणि मिठाच्या जागी साखर.

सासूबाईंना आठवलं. “अगं, ते माझंच काम. काल डबे घासले ना मी. या मेल्या पिवळ्या दिव्यात मीठ काय नि साखर काय, दोन्ही गोरीच. चुकलं माझं. टाक दुसरा, आणि या वेळी चाखून घाल.”

एवढं बोलून त्या आपल्या कुंड्यांकडे वळल्यासुद्धा. चूक कबूल करायला त्यांना शिंकेइतकाही वेळ लागला नव्हता. पण डिंकताई हातात चमचा घेऊन त्या पिवळ्या दिव्याखाली उभ्याच राहिल्या.

मास्तरांची रंगवही त्यांना आठवली होती. मातीचा रंग नुसत्या डोळ्यांनी सांगत नाहीत. रंगवहीच्या पानांवर नखाएवढे रंगीत चौकोन चिकटवलेले असतात, प्रत्येकाशेजारी एक भोक. भोकामागे ढेकूळ धरायचं, जुळणारा चौकोन शोधायचा, आणि समोरच्या पानावर त्या जागेचा जो क्रमांक असेल तो लिहायचा. एकशे अठराव्या खड्ड्यावर मास्तरांची रंगवही पाण्याच्या बादलीत पडली होती. पाच चौकोन सुटले, पाठीवरचे क्रमांक धुऊन गेले. डिंकताईंनी ते घरी आणून, वाळवून, याच स्वयंपाकघरात, याच दिव्याखाली परत चिकटवले होते. जोड कोणाला दिसला नव्हता. मास्तर म्हणाले होते, ताई, तुमच्या हाताला तोड नाही.

चौकोन बरोबर होते. जागा चुकली होती.

त्या रात्री त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. गप्प राहिलं तर कोणाला कळणार नव्हतं, जोड तर दिसतच नव्हता. मास्तरांची माती राहील, पिटुकलीचं नाव राहील, आपलंही नाव राहील. पण नकाशावर त्या सव्वीस ठिकाणी ‘पाणी तुंबणारी’ असं छापलं गेलं असतं, आणि मग तिथे फळझाडं लावू नका असा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला असता. चांगल्या मातीवर खोटा आळ घ्यायचा, आणि तोही आपल्या डिंकाने. देवापुढे नेमाने हात जोडायचे ते काय तोंडदेखले, असं त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि अंथरुणावर पडल्या.

गुरुवारी त्या सगळ्यांच्या आधी कचेरीत पोचल्या. मास्तर आले तेव्हा त्यांच्या टेबलावर रंगवही उघडी होती आणि शेजारी एकशे एकोणिसाव्या खड्ड्याचं जपून ठेवलेलं ढेकूळ. डिंकताईंनी सगळं सांगितलं. बादली, दिवा, मीठ, साखर. काही लपवलं नाही.

मास्तर ढेकळावर पाण्याचे दोन थेंब टाकून खिडकीशी गेले, सूर्याकडे पाठ केली आणि शेजारच्या टेबलावरची दुसरी, न भिजलेली रंगवही मागितली. ढेकूळ भोकामागे धरलं. तपकिरी. आपली वही धरली. तोच तपकिरी चौकोन, पण राखाडीच्या घरात बसलेला. त्यांनी तीनदा पाहिलं. डिंकताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

“तीस वर्षं वाट पाहिली,” मास्तर शेवटी म्हणाले, “नाव ठेवायला निघालो, आणि आता लोक नावंच ठेवणार.”

“तुम्हाला नाही ठेवणार, मास्तर. उद्या बैठकीत मीच सांगते. डिंक माझा होता.”

“डिंक तुमचा, पण डोळे कोणाचे?” त्यांनी वही मिटली. “हात रोज सांगत होता, ही तपकिरीच. मी त्याचं म्हणणं शेऱ्यात लिहिलं आणि क्रमांकावर विश्वास ठेवला. घरच्या माणसाचं कोण ऐकतो?”

आणि मग ते हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवून. मिठाचा चहा तुमच्या सासूबाईंनी पूर्ण प्यायला का, हे त्यांनी दोनदा विचारलं.

शुक्रवारी मास्तर नवा सदरा घालूनच आले. वाया कशाला घालवायचा, म्हणाले. डिंकताई बोलायला उठल्या तेव्हा तेही शेजारी उठून उभे राहिले, त्यामुळे नेमकी चूक कोणाची हे बैठकीला बराच वेळ कळेना, कारण दोघंही ती एकमेकांच्या हातातून ओढून घेत होते. मोठ्या बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. मग रंग सुधारून सव्वीस खड्डे पुन्हा भरायला सांगितले. दुपारी संगणकाने तीन गट पाडले, आणि सव्वीस खड्डे निमूटपणे तपकिरीत जाऊन बसले. शेऱ्यासाठी संगणकात नवा रकाना घ्यावा, असंही मोठ्या बाईंनी ठरवलं. फळ्यावरची नावं कोणीतरी पुसली. ‘उशिरा सुचलेली’ मात्र मास्तरांनी पुसू दिलं नाही. हे आता माझ्यासाठी, म्हणाले.

महिनाअखेरीला, निवृत्तीच्या दिवशी, त्यांनी डिंकताईंच्या हातात एक जड पिशवी दिली. दोनशे बारा खड्ड्यांच्या उरलेल्या नमुन्यांची ती मिसळ होती, सासूबाईंच्या कुंड्यांसाठी. गळ्यात दोऱ्याने लेबल बांधलेलं, कचेरीच्या नमुन्याबरहुकूम भरलेलं, अक्षर मास्तरांचं. डिंकताईंनी ते घरी सासूबाईंना वाचून दाखवलं.

‘जात: चौथी. नाव: पिटुकली (नातीने स्वतः पाहून मंजूर केलं). रंग: सगळे. पट्टी: तुटेपर्यंत. शेरा: चहात घालू नये.’

सासूबाईंनी पिशवीत हात घालून चिमूटभर माती बोटांत चोळली. “चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “पण त्या मास्तरांना म्हणावं, चहाचं तुम्हाला कोणी सांगितलं?”