बराबर पन्नास

फाट्यावर आल्याबरोबर मच्छिंद्रनं कुणाला न विचारताच टेम्पोचं चाक डावीकडं वळवलं. डावीकडचा मधला रस्ता म्हणजे शिवारातून जाणारी गाडीवाट. घोट्याएवढा फुफाटा, त्यात लपलेले धोंडे, पण तालुक्याचं गाव मंठा अर्ध्या तासात. उजवीकडचा डांबरी रस्ता पाझर तलावाला वळसा घालून, टेकडी चढून जायचा. मच्छिंद्रला जवळची वाट दिसली की लांबची वाट या जगात नसायचीच. स्वतःच्या लग्नाची वरातसुद्धा त्यानं मधल्या रस्त्यानं आणली होती आणि नवरीला, म्हणजे दुर्गाबाईला, शालू वर धरून दोन ओढे पायी पार करावे लागले होते. बावीस वर्षं झाली, दुर्गाबाई ते ओढे विसरायला तयार नव्हती.

"सात वाजून राह्यले," तो म्हणाला. "साडेसातला पोचू. नऊपर्यंत वजनं घेणार हायत. तवर पोरगी आडवी पडंल जराशी."

पोरगी, तृप्ती, आईबापाच्या मधे अंग चोरून बसली होती. एकोणीस वर्षांची. आज मंठ्यात जिल्ह्याची निवड कुस्ती, पन्नास किलोचा गट. जिंकली तर राज्याच्या मॅटवर. वजन पन्नासच्या वर जरा जरी गेलं तर आजच्या मॅटवर पायही ठेवू देणार नव्हते. वीस दिवस ती अर्ध्या भाकरीवर होती. पहाटे अप्पाराव शेठच्या आडतीवर, धान्याच्या काट्यावर तिला उभं केलं, तेव्हा आकडा आला होता बराबर पन्नास. मच्छिंद्रनं तिथंच शेठला चहा पाजला होता.

"अव्हो, थांबा जरा," दुर्गाबाई म्हणाली.

"आता काय राह्यलं?"

"आपली तूर घरी मोजून नेली, तर शेठच्या काट्यावर किती भरली व्हती?"

"किती म्हंजे? क्विंटलमागं किलो कमी. तो तर सगळ्यांचंच खातो, तुला काय आज कळून राह्यलं का?"

बोलता बोलता मच्छिंद्रचा पाय ब्रेकवर गेला. टेम्पो धुरळ्यात थांबला. तिघंही समोरच्या काचेकडं बघत बसली. माणसाची गंमत बघा. माल घालताना ज्या काट्याला अख्खा गाव शिव्या घालायचा, त्याच काट्यावर आपली लेक उभी करताना कुणाच्या मनात एवढीशी शंका आली नाही. शंभरामागं एक किलो, म्हणजे पन्नासामागं अर्धा. तृप्ती पन्नास नव्हती, साडेपन्नास होती.

मच्छिंद्रचं तोंड उतरलं. "मंठ्यात जाऊन पळंल, घाम काढंल की," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"आज बाजार हाय तिथं," दुर्गाबाई म्हणाली. "पाय ठेवायला जागा न्हाई. पळाली तर कुत्री लागतील मागं."

तृप्तीनं पिशवीतून बापाचं जुनं स्वेटर काढलं, त्यावर रेनकोट चढवला आणि बुटाची नाडी घट्ट ओढली.

"पप्पा, डांबरी रस्त्यानं घ्या. तलावाच्या बांधापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत मी पळत येते. मला चढ पाहिजे."

"आन् उशीर झाला मंग? नऊला एक मिनिट वर गेलं तर नाव कापतील. टायर बसलं, काही झालं तर?"

"मधल्या रस्त्यानं बराबर टायमाला जाऊन, वजनात बाद होऊन परत यायचं असंल तर मंग घ्या डावीकडंच."

मच्छिंद्रनं तिच्याकडं पाहिलं. मग त्यानं गाडी मागं घेतली.

तलावाच्या बांधावर तृप्ती उतरली. टेम्पो पुढं, ती मागं. दुर्गाबाई मागच्या फळीवर तिच्याकडं तोंड करून बसली, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. फाल्गुनातलं ऊन सकाळीच चटचट लागत होतं. तलाव आटून तळाला भेगा पडल्या होत्या. पार मध्यात एक डबकं उरलं होतं आणि त्याच्या कडेनं कुणीतरी टरबुजाचे वेल लावले होते. पलीकडं टेकडीवर पानं झडलेला पळस नुसता लाल होऊन उभा होता. मच्छिंद्र वीस वर्षांत या रस्त्यानं आला नव्हता. आज बैलगाडीच्या चालीनं चालवताना त्याला हे सगळं दिसत होतं, आणि आरशात, लाल पळसाखालून, रेनकोट घातलेली लेक. त्याला एकदम भरून आलं. त्यानं उगीच हॉर्न वाजवला.

चढावर तृप्तीची चाल मंदावली. तोंड लालबुंद झालं होतं.

"आई, एक घोट."

दुर्गाबाईनं बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. "चूळ भरून थुंक. गिळायचं न्हाई."

तृप्तीनं चूळ भरली आणि थुंकली. दुर्गाबाईचाही घसा कोरडा पडला होता, पण तिनं बाटली तोंडाला लावली नाही. माथ्यावर दोघी पोचल्या तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. पुढं मच्छिंद्रनं टेम्पो असा हाणला की दुर्गाबाईनं वाटेतल्या सगळ्या देवांना एकेक नारळ कबूल केला.

नऊला सात मिनिटं कमी असताना तृप्ती काट्यावर उभी राहिली. पंच मॅडमनी चष्मा सारखा केला.

"एकोणपन्नास नऊशे."

मच्छिंद्र भिंतीला टेकून खालीच बसला.

त्या दिवशी तिनं तीन कुस्त्या मारल्या. शेवटची तर चहा निवायच्या आत. समोरची धिप्पाड पोरगी पाठीवर पडली आणि पंचांनी तृप्तीचा हात वर केला, तेव्हा मच्छिंद्र अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होता. मग तृप्ती जेवली. चार पोळ्या, दोन केळी, तांब्याभर पाणी. गळ्यात पदक घालून ती निघणार, तोच दुर्गाबाई तिचा हात धरून परत पंच मॅडमकडं गेली.

"मॅडम, एक बार वजन करा हिचं."

"अहो ताई, झाली की निवड. आता कशाला?"

"काम हाय. कागदावर लिहून द्या. सही बी करा."

मॅडम हसल्या, पण त्यांनी लिहून दिलं. एक्कावन्न किलो दोनशे. दुर्गाबाईनं चिठ्ठीची घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली.

टेम्पो सुरू करताना मच्छिंद्र खुशीत होता. "तलावाकडूनच जाऊ. पळस लई भारी फुलला व्हता."

"न्हाई," दुर्गाबाई म्हणाली. "मधल्या रस्त्यानं घ्या. जल्दी."

मच्छिंद्रनं तिच्याकडं बघितलं. बावीस वर्षांत तिनं हे पहिल्यांदा म्हटलं होतं.

"आन् तू," तिनं लेकीला सांगितलं, "घरी पोचेस्तवर काही खायचं न्हाई, प्यायचं न्हाई."

"आता कशापायी?"

"बस म्हणलं ना."

धुरळा उडवत, धोंड्यांवरून आदळत ते अर्ध्या तासात गावात पोचले. दुर्गाबाईनं टेम्पो घरी नेऊ दिला नाही, आडतीसमोर उभा करायला लावला. शेठकडं पाचसहा जण हरभऱ्याची पोती, कट्टे घेऊन आले होते. पुंजाराम आजोबांचा कट्टा काट्यावर चढायच्या बेतात होता. पदक बघून सगळे उठून उभे राहिले.

"जिंकली का? वा, वा," अप्पाराव शेठ म्हणाला. "माझ्याच काट्याचा पायगुण."

"व्हय शेठ," दुर्गाबाई म्हणाली. "म्हणून तर तिला परत आणली. आजोबा, दम धरा जरा. तृप्ती, चढ."

तृप्ती काट्यावर चढली. लाल आकडे थरथरले आणि थांबले. पन्नास नऊशे.

दुर्गाबाईनं चिठ्ठी काढली, घडी उलगडली आणि पुंजाराम आजोबांच्या हातात दिली. आजोबांनी ती मोठ्यानं वाचली, आकडा, तारीख, सही. मग काट्याकडं बघितलं. मग परत चिठ्ठीकडं.

"तिथं चपला घालून उभी राह्यली आसंल," शेठ म्हणाला.

"तिथं अनवाणीच व्हती," तृप्ती म्हणाली. "इथं बूट हायत."

पुंजाराम आजोबांनी वाकून आपला कट्टा उचलला आणि तो मच्छिंद्रच्या टेम्पोत नेऊन ठेवला. त्यांच्या मागून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. मच्छिंद्रनं मागची फळी आणखी खाली सोडली.

दुर्गाबाईनं पाण्याची बाटली उघडून लेकीपुढं धरली.

"घे. आता पी पोटभर."