जावयाने दुरुस्त केलेली चाळणी

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. पण पीठ चाळणारी नव्हे हो, मी दिवस चाळते. माझा पत्रा कुणी आणि कधी ठोकला ते कुणालाच ठाऊक नाही, कारण तोवर 'कधी' चाळून व्हायचं होतं.

आमच्या जगाच्या अगदी टोकाला एक घर आहे. त्याच्या मागच्या खोलीत गोंधळाचा ढीग असतो. जे जे व्हायचं ते सगळं त्यात कालवलेलं. घरातल्या काकू रोज घमेलंभर गोंधळ माझ्यात ओतून मला गदागदा हलवतात. मग खाली सुटासुटा दिवस पडतो. उजेड, वारा, कामं, कुणाची तरी शिंक. वर उरलेली भरड, म्हणजे अर्धवट डोंगर आणि बिनबुडाची भांडणं, काकू खिडकीबाहेरच्या शून्यात टाकून देतात. शून्य कधी कुरकुर करत नाही.

कोपऱ्यात मौनीबुवा बसतात. त्यांना शून्यात विलीन व्हायचंय, पण चहा घेतल्याशिवाय निघवत नाही. ते मला सारखे म्हणत, "धन्य आहेस! तुझ्यात तुझ्यापेक्षा भोकंच जास्त. आम्ही जन्मभर बसून जे मिळवायचं, ते तुला आयतं मिळालं!" मी जरा फुगले होते, खोटं कशाला सांगू?

तेव्हा काकूंची लेक आणि जावई मुक्कामाला होते. बाळ उद्या येणार, असं सुईण सांगून गेली होती. जावई काळजीने येरझाऱ्या घालत होते. हाताला काहीतरी काम हवं, म्हणून त्यांनी मला उचललं आणि डाख देऊन माझं एकूण एक भोक बुजवलं.

"आई, हिची पार चाळण झाली होती. केली दुरुस्त!"

काकूंनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. पण जावयाला बोलणार कोण? "छान केलंत हो," एवढंच त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला हलवलं, हलवलं आणि हलवलं. खाली काहीच पडेना. बाहेर कालचीच संध्याकाळ ताटकळत उभी. आतल्या खोलीतून लेक ओरडली, "आई गं, कळा थांबल्यात!" बाळ उद्याचं होतं, आणि उद्या माझ्यात अडकला होता.

"वा! हेच पूर्णत्व!" बुवा म्हणाले. मला मात्र आयुष्यात इतकं निकामी कधी वाटलं नव्हतं. रडू येत होतं, पण ते गळायलाही जागा नव्हती.

"बुवा, गप्प बसा!" काकू कडाडल्या. मग त्या जावयाकडे वळल्या. "अहो, ती भोकं म्हणजेच चाळणी होती! घ्या दाभण आणि टोचा!"

जावई दाभण घेऊन आले. मांडी घालून बसले, घामाघूम झाले. एक वाकडंतिकडं भोक पडलं तशी काकूंनी मला हलवलं. त्यातून ना उजेड पडला, ना वारा. टिचभर रडणं पडलं, आणि तेच आतल्या खोलीतून ऐकू आलं.

दाभण टाकून जावई धावले, मागोमाग काकू. मला सगळे विसरले. त्या दिवशी जगात बाळाच्या रडण्याशिवाय काहीही झालं नाही.

मित्रांनो, एकच विनंती. घरात काही रिकामं दिसलं, की लगेच बुजवायला धावू नका. आधी विचारा. तिथून कुणीतरी यायचं असेल.