कॅसेट उलटताना

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. उचलून पाहिलंत तर म्हणाल, एवढासा डबा आणि केवढा जड! आमच्या काळी यंत्रं जडच असायची. माझ्या अंगावर मोठाली बटणं आहेत, पोटात कॅसेट बसवायची जागा आहे, आणि कपाळावर काचेच्या आत एक बारीक काटा आहे. आवाज झाला की तो थरथरतो. झाकणाची कडी तुटली आहे, म्हणून ते रबरबँड लावून बंद ठेवतात. मला त्याची लाज वाटत नाही. तुमच्या हातातले चपटे फोन पाच वर्षं तरी टिकतात का?

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे बायका ओळीने बसून स्क्रू पिळत असत. ज्या बाईने मला शेवटचं तपासलं, तिने माझ्या माईकवर हलकेच फुंकर मारली आणि तीच फुंकर मला परत वाजवायला लावली. "कान चांगला आहे हं याचा," ती शेजारणीला म्हणाली. पुढे माझं खूप कौतुक झालं, पण ते पहिलं कौतुक मी विसरलो नाही.

मला ज्यांनी विकत घेतलं ते मालक दातांच्या कवळ्या बनवत. त्यांच्या कामाच्या खोलीत जबड्यांचे साचे ओळीने मांडलेले असत आणि ते दिवसभर माझ्याकडे बघून हसत. पहिले काही दिवस मला भीती वाटली. मग सवय झाली.

मालकांना एकच वेड होतं. 'भटके' नावाचा एक बँड होता, त्याचं. या भटक्यांची तऱ्हाच न्यारी. गाणं जेमतेम चार-सहा ओळींचं, पण एकदा वाजवायला लागले की कुठे जातील याचा भरवसा नसे. गिटारवाला एक वाट धरायचा, ड्रमवाला त्याला भलतीकडे ओढायचा, आणि तेच गाणं दर वेळी नवं होऊन बाहेर पडायचं. म्हणून तर त्यांचे चाहते प्रत्येक कार्यक्रमाला हजर असत. रविवारी दुपारी सभागृहाबाहेर रांग लागली की त्यांची बडबड ऐकण्यासारखी असे.

"रेकॉर्ड ऐकून काय होतंय? समोर बसून ऐक एकदा!"

"मागच्या रविवारी आला नव्हतास? मग जन्माला येऊन केलंस काय तू?"

आलेल्या नवख्याला तर ते अक्षरशः हाताला धरून आत नेत. मालक मात्र रांगेत गप्प असत. त्यांचं लक्ष माझ्यावर. ते कार्यक्रम टेप करत आणि त्याच्या प्रती मागेल त्याला देत. त्यांच्यासारखे आणखी काही जण होते, आणि त्या सगळ्यांचा एक कडक नियम होता. टेप चालू असताना शेजारी बसलेल्याने तोंड उघडायचं नाही. कॅसेटची एक बाजू संपली की ती काढून उलटी घालावी लागते. तेवढ्या वेळात काय बोलायचं ते बोलून घ्यायचं.

मालकांच्या शेजारी नेहमी त्यांची ताई बसायची. तिला संगीतातलं फारसं कळत नसे. तिची चिमुरडी मुलगी शेजारणीकडे ठेवून ती यायची, ती केवळ भावाबरोबर एक दुपार घालवायला मिळते म्हणून. सगळा वेळ ती बिचारी ओठ घट्ट मिटून बसे आणि बोलायचं साठवून ठेवी. कॅसेट संपल्याचा खट्ट आवाज झाला रे झाला की, माझं झाकण उघडायच्या आतच, सुरू! "अरे, त्या ड्रमवाल्याचा मोजा फाटलाय बघ." "तू गॅस बंद केला होतास ना?" मालक हसत हसत कॅसेट उलटत आणि बटण दाबण्याआधी ओठांवर बोट ठेवत. ती पुन्हा गप्प. मला ती दोघं फार आवडायची.

एका रविवारी भटक्यांनी 'पुलाखाली' हे गाणं धरलं. इतकं सुंदर ते त्यांनी कधी वाजवलं नव्हतं. ऐन रंगात माझी कॅसेट संपली. ताईने मालकांच्या बाहीला हात लावला. पण नेमकी त्याच वेळी कॅसेट माझ्या पोटात अडकली होती. मालक घाईघाईने ती ओढत होते, सूर निसटत होते, आणि त्यांनी ताईकडे न बघताच हात वर केला.

"थांब जरा!"

झाकण उघडं असलं की मी बहिरा असतो, मित्रांनो. तो 'थांब' मला माईकमधून ऐकू आला नाही, मालकांनीच तो पुढे हजार वेळा सांगितला. कॅसेट बसली, बटण दाबलं गेलं. ताई थोडा वेळ बसली आणि मग उठून गेली.

कार्यक्रम संपल्यावर मालक मला छातीशी धरून बाहेर आले. "ताई, कसलं झालंय म्हणून सांगू!" असं ते दारातूनच ओरडले. बाहेरच्या पायऱ्यांवर माणसं गोळा झाली होती. ताई भिंतीला टेकून बसली होती. तिचं हृदय बंद पडलं होतं.

त्यानंतर मी कपाटात गेलो. मालकांनी ताईच्या मुलीला वाढवलं, शिकवलं. कवळ्या बनवत राहिले. भटके विखुरले, त्यांचा गिटारवाला वारला. माझ्यातला रबरी पट्टा चिकट होत चालला आणि मला वाटलं, संपलं आपलं. पण त्या रविवारची टेप मात्र बाहेर फिरत होती. कोणीतरी मागून नेली, तिची प्रत काढली, त्या प्रतीची प्रत निघाली.

भाची मोठी झाली. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. "श्वास रोखून धरा" असं दिवसभर लोकांना सांगून ती घरीही त्याच सुरात बोले. एके दिवशी ती घरी आली ती सांगतच, "मामा, दवाखान्यात एक जण माझ्या मागेच लागलाय. 'पुन्हा भटके' म्हणून बँड आहे म्हणे. तुझ्या भटक्यांची हुबेहूब नक्कल करतात. म्हणतो, सगळं सोड आणि यांना ऐकून ये. त्या 'पुलाखाली'मध्ये ते मध्येच सगळे थांबतात. एकदम शांत. आणि म्हणे तिथे असं वाटतं, की आत्ता कोणीतरी बोलणार."

मालकांच्या हातातला साचा खाली पडला. भटके त्या गाण्यात कधीच, कुठेच थांबले नव्हते.

तुमच्या लक्षात आलं ना? या नव्या मुलांनी गाणं आमच्या टेपवरून सूर न् सूर पाठ केलं होतं. कॅसेट उलटताना जी मोकळी जागा राहिली आणि प्रतींमध्येही कोरीच उतरली, तीही त्यांनी गाण्यातलीच समजून बसवली होती. त्यांच्या म्होरक्याला चाहते डिट्टो म्हणत. टेपवर नाही ते वाजवायचं नाही आणि टेपवर आहे ते सोडायचं नाही, हा त्याचा धर्म होता.

मालकांनी मला कपाटातून काढलं, नवा पट्टा घातला, आणि आम्ही तिघं गेलो. तेच सभागृह. रांगेत तीच बडबड, माणसं तेवढी नवी. "डोळे मिटून बस, खरेच आलेत असं वाटतं," असं कोणी कोणाला सांगत होतं. 'पुलाखाली' सुरू झालं. ती जागा आली आणि सगळी वाद्यं कापल्यासारखी थांबली.

मी ऐकत होतो. या वेळी माझं झाकण बंद होतं आणि फीत फिरत होती. सभागृहात कोणी हललं नाही. मग माझ्या अगदी जवळ, मालकांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून, कोणीतरी श्वास घेतला. बोलायला तोंड उघडण्याआधी आपण घेतो ना, तसा. माझा काटा किंचित वर आला, आणि तेवढ्यात बँड दणक्यात सुरू झाला.

घरी दोघांनी टेप लावली. श्वास स्पष्ट होता. भाचीने तो पुन्हा लावला, पुन्हा लावला, आणि मग उठून खोलीतले सगळे दिवे लावले, बाहेर ऊन असूनही.

त्यानंतर मालकांनी एकही रविवार सोडला नाही. दर वेळी शांतता, दर वेळी तो श्वास, आणि दर वेळी बँड आडवा येई. मालकांचं जेवणात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाला त्यांनी दुसऱ्याचीच कवळी दिली. तो बिचारा "ही मला चावते हो!" म्हणत परत आला, तरी ते हसले नाहीत.

"मामा, बास झालं आता," भाची रडकुंडीला येऊन म्हणाली. "मला भीती वाटते तिथे."

"ती बोलायला येते गं. नियम पाळते अजून. टेप चालू असताना बोलत नाही, कॅसेट उलटायचीच वाट बघते. पण तिला वेळ पुरत नाही."

"आणि काय बोलणार आहे ती?"

मालकांनी हातातला साचा बाजूला ठेवला. "तिला त्रास होत होता, आणि तिने मला मदत मागितली, आणि मी हात वर केला, असं झालं होतं का? मला तेवढंच कळायला हवंय. हो असेल तर हो. पण कळू दे."

मग ते मला घेऊन डिट्टोकडे गेले. तो तालमीच्या खोलीत एकटाच तारा बदलत होता. मालकांनी सगळं सांगितलं. डिट्टोचा चेहरा उतरला.

"म्हणजे काका, एवढी वर्षं आम्ही तुमचं कॅसेट उलटणं वाजवतोय?"

"हो रे बाबा."

"लोक त्या जागेसाठी लांबून येतात हो! मी स्वतः मुलाखतीत सांगितलंय, की हीच आमची सगळ्यात अवघड जागा." त्याने कपाळावर हात मारून घेतला. मग हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगू? मलाही तिथे नीट वाटत नाही. कोणाचं तरी बोलणं मध्येच तोडतोय असं वाटतं. काढून टाकतो ती जागा."

"काढ. पण आधी एकदा जास्त वेळ थांब."

"किती वेळ?"

"तिचं बोलून होईपर्यंत."

टेपवर नसलेली गोष्ट करायची, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. त्याने मान हलवली.

पुढच्या रविवारी सभागृह भरलं होतं. भाची एका बाजूला बसली, दुसऱ्या बाजूची खुर्ची नेहमीसारखी रिकामी. मालकांनी मला मांडीवर घेतलं. गाणं चढत चढत गेलं आणि थांबलं.

श्वास आला. काटा वर आला. डिट्टोने गिटारवरचा हात वर उचलून तसाच धरला. लोक चुळबुळ करू लागले, मग तीही थांबली. सगळं सभागृह एक्स-रेसाठी उभं असावं, तसं श्वास रोखून बसलं होतं.

"ताई," मालक म्हणाले, "झालं माझं. बोल."

आणि ती बोलली. आवाज मोठा नव्हता, रडवेलाही नव्हता.

"काही नाही रे. जरा बसते बाहेर. तू ऐक."

एवढंच. शेजारची खुर्ची करकरली. नंतर पावलांचा आवाज आमच्या मागून दाराकडे गेला. पुढच्या रांगेतल्या माणसांनी माना वळवून पाहिलं, म्हणजे पावलं त्यांनाही ऐकू आली होती. दार उघडलं नाही, तरी उजेडाची एक पट्टी क्षणभर आत पडली.

डिट्टोने हात खाली आणला. गाणं सुरू झालं, आणि ते टेपवरचं नव्हतं. त्याची बोटं आपली आपण वाट शोधत होती.

मालक उठले. इतक्या वर्षांत टेप चालू असताना ते कधी जागचे हलले नव्हते. त्यांनी मला खुर्चीवर ठेवलं, बटणं तशीच दाबलेली, आणि लोकांचे पाय तुडवत ते दाराकडे धावले. "येतो गं, थांब, मी येतो!" हे त्यांचं बोलणं माझ्या टेपवर आहे. भाचीने मला उचललं आणि ती त्यांच्यामागे निघाली. तिचं हृदय माझ्या माईकवर धडधडत होतं. ती किती घाबरली होती हे मी सांगू शकतो.

मालक पायऱ्यांवर बसले होते, धाप लागलेले पण धडधाकट. बाहेर लख्ख दुपार होती. भिंतीच्या बाजूला त्यांनी जागा सोडली होती. भाची तिथे बसायला गेली.

"तिथे नको," मालक म्हणाले. "इकडे बस, या बाजूला."

ती दुसऱ्या बाजूला बसली. मी तिच्या मांडीवर, अजून फिरत होतो. मालक भिंतीकडे तोंड करून बोलत होते. घरचं काहीबाही, भाचीला किती मार्क मिळाले होते, ती कशी चिडते. मध्ये मध्ये थांबत होते, उत्तर ऐकायला थांबावं तसे. थोड्या वेळाने भाचीने विचारलं, "आई, तुला बरं वाटतंय का आता?" आणि तीही थांबली. मग दोघंही एकाच वेळी हसले, कोणीतरी काही बोलल्यासारखे. ते काय होतं ते माझ्यात उतरलं नाही. मग आतलं गाणं संपलं. मालकांनी भिंतीजवळच्या जागेवरून हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "गेली."

पुन्हा भटके आता ती जागा वाजवत नाहीत. गाणं दर वेळी वेगळं होतं. चाहत्यांत त्यावरून भांडणं चालू आहेत. मालक म्हातारे झाले आहेत. त्यांची भाची माझ्यावरची धूळ पुसते, सेल काढून ठेवते. मी बरा आहे.

मित्रांनो, एवढं ऐकलंत तर आणखी एक ऐका. भटक्यांसारखा कोणताही बँड जवळ आला, तर जरूर जा, समोर बसून ऐका. जाताना आपलं एक माणूस बरोबर न्या. यंत्राकडे थोडं कमी बघा, मी यंत्र असून सांगतो. आणि शेजारचं माणूस उठून बाहेर गेलं, तर गाणं कितीही रंगलेलं असू दे, तुम्हीही उठा. पायऱ्यांवर बसलं तरी आतलं सगळं ऐकू येतं.