भस्माच्या सात रेघा

मठाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन महिन्यांपूर्वी भस्मेबुवांनी मोहोळच्या वाटेवर बस्तान मांडलं आणि निम्मं सोलापूर तिकडे लोटलं. आज मधोमध उभी होती नागम्मा, मल्लय्या विणकराची बायको. पाच वर्षं कंपवातानं तिचे हात थरथरत होते आणि पाय जमिनीला चिकटत होते.

बुवांनी तिच्यापुढे भस्माच्या सात आडव्या रेघा ओढल्या. "ह्या सप्तलोकांच्या सात पायऱ्या! यमाच्या बापालाही चढता न येणाऱ्या! ओलांड, माये!"

नागम्मानं पाय उचलला. एक रेघ, दुसरी, तिसरी... सातही ओलांडून ती बुवांसमोर पोचली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

गर्दीत मागे उभ्या असलेल्या डॉक्टर वेणीमाधवांच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. मुंबईची मोठी पदवी घेतलेला हा माणूस. कंपवाताच्या एकोणचाळीस रोग्यांची चाल, अक्षर, बोटांची थरथर त्यांनी वहीत टिपली होती. वहीतलं पहिलं नाव नागम्माचं. त्यांच्या औषधाच्या थेंबांनी तिचा ताठरपणा थोडा उतरला, पण दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर ती सलग चार पावलं कधी चालली नव्हती. आणि हा चिलीमबहाद्दर तिला चालवतो!

"ती चालली याचं दुःख आहे, की दुसऱ्यानं चालवली याचं?" घरी शकुंतलाबाईंनी विचारलं. डॉक्टरांनी ताट बाजूला सारलं. बायकोनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

बुवा देतात त्या तीर्थात ताठरपणा सैल करणारा धोतरा असणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. बाटलीभर आणून तपासलं, तर विहिरीचं साधं पाणी! जळफळाट दुप्पट झाला.

इकडे बुवांनी थेंब बंद करवले आणि नागम्मानं यापुढे मठातच राहायचं, असा हुकूम सोडला. मल्लय्यानं तिला एक दिवस घरी आणलं, तर ती चुलीपुढेच खिळली. घासही गिळवेना. डॉक्टर धावत गेले.

"थेंब चालू कर, मल्लय्या. नाहीतर ही हातची जाईल."

"न्हाय डाक्टर. तितं चालती, हितं दगड हुती. सोताच्या डोळ्यानं बगितलं की! बुवाचं खरं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो तिला धरून मठाकडे निघाला. डॉक्टरही मागोमाग. गल्लीत विणकरांनी सुताला खळ लावायला उभ्या धाग्यांचा लांबलचक ताणा पसरला होता आणि त्याला आधार दिलेल्या काठ्यांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या. नागम्मानं नवऱ्याचा हात सोडला. एक सावली ओलांडली, दुसरी ओलांडली, चांगली चालत गेली. ताणा संपला, सावल्या संपल्या आणि ती जागीच थांबली.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. पाच वर्षं तिला कोऱ्या फरशीवर चालवत बसलो!

मठात शिरताच ते म्हणाले, "बुवा, आज रेघांशिवाय मंत्र म्हणा."

बुवांनी देवीचा कोप, अमावास्या, सगळं सांगून पाहिलं. पण लोकच म्हणाले, "म्हणा की बुवा!" बुवांनी घसा फोडला. नागम्मा हलली नाही.

मग डॉक्टरांनी मठाच्या चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि वाकून रेघा ओढत निघाले. तोंडानं चालू, "बे एके बे, बे दुणे चार..." नागम्मा त्यांच्यामागून थेट मठाच्या दारापर्यंत आली.

"डाक्टरानं मंत्र चोरला!" बुवा ओरडले. गर्दीतली शाळकरी पोरं खो खो हसली.

"पायांत बळ आहे," डॉक्टर लोकांना म्हणाले. "चालायचा हुकूम मेंदूत अडतो. पुढे ओलांडायला काही दिसलं की तो सुटतो. का, ते मलाही अजून कळलेलं नाही. रोग मात्र तसाच आहे, थेंब लागणारच. रेघांची गोष्ट बुवांना माझ्याआधी दिसली, याचा मला हेवा वाटतो, उघड सांगतो. पण त्यांनी ती लपवली आणि हिला इथे डांबलं. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ते खरंच होतं. फक्त एकदा रेघ पुसून पाहायची राहिली. पुढच्या चमत्काराला नमस्कार करण्याआधी तेवढं करा."

मल्लय्यानं डॉक्टरांच्या हातातला कोळसा घेतला आणि घराच्या वाटेवर पहिली रेघ ओढली.