माझा स्क्रू ढिला नव्हता

मित्रांनो, मला चष्मा समजू नका. डोळे तपासायला गेलात की तुमच्या नाकावर एक जड, खाचाखाचांची, विदूषकाला शोभेल अशी चौकट चढवतात. तिच्यात एकेक भिंग घालतात आणि विचारतात, "हे बरं, की हे बरं?" तीच मी. आता जुनी झाले आहे. कड्यांवरचा मुलामा उडाला आहे, आणि एका खणात तुटक्या काड्यांच्या सोबतीला पडून आहे. सगळा जन्म चष्म्याच्या दुकानात गेला, पण मला घालून कुणी रस्त्यावर गेलं नाही.

कारखान्यात पितळेची पट्टी वाकवून माझी दोन कडी केली आणि त्यांवर अंशांच्या बारीक खुणा कोरल्या. काही डोळ्यांना भिंग नुसतं घालून भागत नाही, ते ठरावीक कोनातच बसवावं लागतं. कोन थोडा चुकला तरी सरळ दार तिरकं दिसतं, पायरी वर आल्यासारखी वाटते, डोकं धरतं. म्हणून माझ्या कडेला एक लहानशी फिरकी आहे. ती फिरवली की भिंग फिरतं. ती मुद्दाम घट्ट बसवलेली असते. हात लावल्याशिवाय फिरत नाही.

मला विकत घेणारे चष्मेवाले मोजकं बोलत. त्यांची एक पद्धत होती. तपासणीची खोली अंधारी, म्हणून तपासून झालं की मला भिंगांसकट ट्रेमध्ये ठेवायचं, गिऱ्हाइकाला हात धरून बाहेर नेऊन बसवायचं, आणि मग परत येऊन माझ्यावरचा कोन वाचून लिहायचा. त्यांची मुलगी बारकी हे बघत बघतच मोठी झाली. "दिसतंय कसं ते समोरचा सांगेल. आपण फक्त विचारायचं," हे त्यांनी तिला शिकवलं. पुढे ती रीतसर शिकून आली आणि त्याच खुर्चीपाशी उभी राहिली. जुनी गिऱ्हाइकं म्हणत, हात अगदी बापाचा आहे. ते ऐकून मलाही बरं वाटे.

चष्मेवाले गेले, आणि दुकानाला पुरुषमाणूस हवा म्हणून बारकीच्या आईने नवऱ्याच्या भाच्याला, म्हणजे बारकीच्या आतेभावाला बोलावून घेतलं. त्याला सगळे दादा म्हणत. आला तो साखर पेरतच आला. मामीची औषधं आणी, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना पायरी उतरवून देई. चारचौघांत म्हणे, "बारकी म्हणजे आमच्या दुकानाचा कणा." गिऱ्हाईक दिसेनासं झालं की म्हणे, "वेंधळे, अक्कल घरी ठेवून येतेस काय?" तिचा चेहरा उतरला की, "अगं, गंमत केली. तुला गंमतही कळू नये?" त्या गमतीवर हसणारा तो एकटाच असे.

मग तिच्या हातचे चष्मे परत येऊ लागले. कुणाचं डोकं दुखे, कुणाला जमीन कलंडलेली वाटे. दादा सगळ्यांसमोर पुन्हा तपासणी करी, कोन बरोबर लावी आणि सुस्कारा सोडून म्हणे, "मी होतो म्हणून निभावलं." वर मायेनं समजावी, "चौकट जुनी, स्क्रू ढिला असेल. पण बघून घ्यायचं काम कुणाचं? लोकांचे डोळे आहेत बाई, बटाटे नाहीत."

मित्रांनो, माझा स्क्रू ढिला नव्हता. बारकी गिऱ्हाइकाला बाहेर न्यायची, तेवढ्यात दादा आत यायचा आणि अंगठ्याने माझी फिरकी जराशी फिरवायचा. जराशीच. फार फिरवली असती तर कुणालाही कळलं असतं. मला वाचा असती तर मी किंचाळले असते.

बारकीचे हात घामेजू लागले. एकच प्रश्न ती गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा विचारी. आईला सांगून पाहिलं, तर आई म्हणाली, घरचा माणूस आहे, बोलतो पण मनात काही नसतं. शेवटी दादाने प्रेमाने सुचवलं की तिने आपलं काउंटरवर बसावं, काचा पुसाव्यात, डोळे तो बघेल. ती जवळजवळ हो म्हणाली होती. वडिलांची खुर्ची तिच्या हातून जाणार होती, आणि आपण त्या लायकीच्याच नाही असं तिला मनापासून वाटू लागलं होतं.

त्याच सुमारास दादा काही दिवस गावाला गेला. त्या दिवसांतला एकही चष्मा परत आला नाही. बारकी विज्ञान शिकली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे तिला ठाऊक होतं. तिने माझ्यात भिंग घातलं, कोन लावला आणि मला ट्रेवर आपटलं, उलटं टांगलं, पिशवीत टाकून जिना चढवला-उतरवला. मी खुणेवरून केसभरही हलले नाही.

दादा परतल्यावर तिने छोटा दिवा धरून कोन गिऱ्हाइकाच्या नाकावरच वाचून घेतला. मग रोजच्यासारखं मला ट्रेमध्ये ठेवलं, गिऱ्हाइकाला बसवून आली आणि पुन्हा वाचला. कोन बदलला होता. दादा बेसिनपाशी शीळ घालत हात धूत होता.

"दादा, ही फिरकी आपोआप सरकत नाही," ती म्हणाली. "तू हात लावू नकोस."

तो आधी हसला. मग म्हणाला, आपण खोलीत आलोच नव्हतो. मग म्हणाला, आलो होतो, पण तिचीच चूक तपासायला. मग त्याचे डोळे भरून आले आणि तो म्हणाला, मामाच्या दुकानासाठी रक्ताचं पाणी केलं आणि आज आपण चोर ठरलो. तीन वाक्यं, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. पण मामीसमोर त्याने फक्त शेवटचं वाक्य नेलं. आईने बारकीला माफी मागायला सांगितलं.

तिने माफी मागितली नाही आणि भांडलीही नाही. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? जे घडलं ते तिने आईला एकदा, सरळ शब्दांत सांगितलं आणि डोळ्यांच्या एका दवाखान्यात काम धरलं. जाताना तिने मला मागितलं. इतके दिवस मला खराब म्हणणारा दादा तेव्हा म्हणाला, "दुकानाची वस्तू आहे, अशी कशी देऊ?" आणि त्याने मला या खणात टाकलं.

त्यानंतर मला एकदाच बाहेर काढलं. आईला अंधुक दिसू लागलं होतं, आणि डोळे तपासायच्या नव्या यंत्रावर हनुवटी टेकवली की तिची मान दुखे. म्हणून दादाने मला तिच्या नाकावर चढवलं.

"हे बरं, की हे बरं?"

"पहिलं."

"नाही मामी, दुसरं बरं दिसतंय तुम्हाला."

"दुसऱ्यात अक्षरं हलतात रे."

"कुठे हलतात? तुम्हीच नीट बघत नाही आहात."

तिच्या पापण्या माझ्या भिंगाला घासत होत्या, त्या थांबल्या. तिने विचारलं, "बारकीलाही असंच सांगायचास का?"

"मामी, तुम्ही पण ना. गंमत केली."

ती हसली नाही. दोन्ही हातांनी तिने मला उतरवलं आणि भिंत चाचपत दाराकडे गेली. लेकीचा दवाखाना कुठे आहे हे तिने कधी विचारलंच नव्हतं. ते तिने दारातूनच रस्त्यावरच्या एका माणसाला विचारलं. दादा मागून ओरडला, "थांबा मामी, पायरी दिसायची नाही तुम्हाला."

"मला काय दिसतं ते मी सांगेन," ती म्हणाली.

ती पोचली का, लेकीने दार उघडलं का, मला ठाऊक नाही. तोवर दादाने मला आत टाकून खण बंद केला होता.

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, असं मी म्हणणार नाही. माझे दिवस संपले. पण तुमच्या घरात कुणी हात घामेजून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागलं, तर त्याला वेंधळं म्हणू नका. त्याच्या मागून खोलीत कोण येऊन जातं, ते आधी बघा. आणि ते वेळेवर बघा. आईने उशीर केला.